अहिराणी भाषा की बोली, हा प्रश्न कोणत्या विषयाचा?

अमळनेर तालुक्यातून एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. ती बारावी कला शाखेत आहे आणि तर्कशास्त्र तिचा आवडता विषय. घरात अहिराणी बोलतात. वर्गात सर म्हणाले, "अहिराणी ही काही भाषा नाही, मराठीची बोली आहे." हिने विचारलं, "हे ठरवतं कोण आणि कशावरून?" तास संपला, उत्तर मिळालं नाही. तेव्हापासून तिच्या मनात भाषाविज्ञान आणि तत्त्वज्ञान हे दोन्ही विषय घर करून बसले आहेत. दोन्ही एकत्र शिकता येतील का, आधी कोणता घ्यावा, आणि "डी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षेला बस" म्हणणाऱ्या वडिलांना काय सांगावं, असं तिने विचारलं आहे.

प्रिय मैत्रिणी,

सुरुवात तुझ्या सरांच्या वाक्यापासूनच करते. हे दोन विषय कुठे जुळतात ते त्या एका वाक्यात दिसतं.

भाषाविज्ञान शिकलेला माणूस ते वाक्य ऐकल्यावर आधी पुरावा गोळा करील. 'आहे'च्या जागी अहिराणीत 'शे' येतं, आणि 'चा-ची-चे'च्या जागी 'ना-नी-नं'. या दोन्ही गोष्टी गुजरातीच्या बाजूच्या. 'माले', 'तुले' यांतला 'ले' वऱ्हाडीतही सापडतो. प्रमाण मराठीतल्या 'ळ'चा इकडे 'य' होतो, म्हणजे डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया. शब्दसाठा मात्र बराचसा मराठीशी जुळतो. ब्रिटिश काळात ग्रिअर्सन या अधिकाऱ्याने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात खानदेशीला, म्हणजे अहिराणी ज्यात येते त्या गटाला, मराठीत न घालता भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं आहे. जनगणनाही खानदेशीची नोंद मराठीपासून वेगळी करते. २०११ साली तो आकडा साडेअठरा लाखांच्या थोडा वर होता आणि त्यात बहुतेक अहिराणी सांगणारेच होते. हा आकडा वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेव. घरी अहिराणी बोलणाऱ्याने प्रगणकाला 'मराठी' असं सांगितलं, तर त्याची गणती मराठीत होते.

इथवरचं काम भाषाविज्ञानाचं. यापुढे तत्त्वज्ञान शिकलेला माणूस वेगळाच प्रश्न काढील. 'क ही ख ची बोली आहे' हे विधान नेमकं कशामुळे खरं ठरतं? नेहमीचं उत्तर असतं, 'एकमेकांचं बोलणं समजत असेल तर भाषा एकच.' हे उत्तर तर्कशास्त्राच्या वहीवर उतरवून बघ. एखाद्या संबंधाच्या आधारे वस्तूंची स्वच्छ, एकमेकांत न मिसळणारी गटवारी करायची असेल, तर त्या संबंधाला दोन अटी पाळाव्या लागतात. तो दोन्ही बाजूंनी सारखा हवा, आणि साखळीतून पुढे जाणारा हवा, म्हणजे क-ख आणि ख-ग जमलं की क-ग जमलंच पाहिजे. 'समजणं' या दोन्ही अटी मोडतं. शाळा आणि टीव्ही यांमुळे अहिराणी बोलणाऱ्या पोराला पुण्याचं बोलणं कळतं, पण पुण्याच्या पोराला अहिराणी कळेलच असं नाही. साखळीचंही तसंच. प्रत्येक गावाला शेजारच्या गावाचं बोलणं कळतं, तरी पहिल्या टोकाच्या गावाला शेवटच्या टोकाचं कळत नाही. तेव्हा या कसोटीवर भाषांची गटवारी होऊच शकत नाही. लिपी, शाळा, राजसत्ता, लोकांची स्वतःची ओळख असं दुसरं काहीतरी बाहेरून आणावं लागतं. सरांचं वाक्य सपशेल खोटं आहे असं यातून निघत नाही. ते नुसत्या भाषिक पुराव्यावर उभं राहू शकत नाही, एवढंच निघतं.

बघ, पुराव्याशिवाय दुसरा अर्धा भाग पोकळ झाला असता, आणि त्या दुसऱ्या भागाशिवाय पहिला नुसती यादी होऊन बसला असता. म्हणून हे दोन विषय एकत्र शिकायचे.

आता अभ्यासक्रमांकडे. पदवीच्या नावात दोन्ही विषय असलेला अभ्यासक्रम शोधत बसू नकोस. परदेशात तशी जोडी आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये भाषाविज्ञान आणि तत्त्वज्ञान यांचा विभागच एक आहे. ऑक्सफर्डला मानसशास्त्र, तत्त्वज्ञान आणि भाषाविज्ञान अशी एकत्र पदवी मिळते. एडिंबरोलाही तत्त्वज्ञान-भाषाविज्ञान अशी जोड-पदवी आहे. आपल्याकडे ही जोडी स्वतः बांधावी लागते. ती बांधता येते, फक्त क्रम चुकता कामा नये.

माझं स्पष्ट मत असं, की बी.ए.ला तत्त्वज्ञान मुख्य विषय घे आणि एम.ए.ला भाषाविज्ञान. महाराष्ट्रात बी.ए.ला भाषाविज्ञान मुख्य विषय म्हणून क्वचितच मिळतं. मराठी किंवा इंग्रजीच्या पदवीत त्याचे एक-दोन पेपर असतात, तेवढंच. उलट भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे, मुंबई विद्यापीठात भाषाविज्ञानाचा विभाग आहे, दिल्लीत जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ, हैदराबादला इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) आणि हैदराबाद विद्यापीठ. या जागांची माहितीपत्रकं आत्ताच वाचून ठेव. दुसरं कारण अभ्यासाच्या स्वभावाचं आहे. तत्त्वज्ञानात वाचायला आणि युक्तिवाद लिहायला शिकायचं असतं, ते हाडात मुरायला तीन-चार वर्षं लागतात. भाषाविज्ञानातलं पृथक्करण हे हाताचं काम आहे. ते चांगल्या विभागात, समोर शिक्षक बसलेले असताना, दोन वर्षांत पक्कं होतं.

याला एक अपवाद आहे. काशी हिंदू विद्यापीठात कला शाखेत पदवीलाच दोन्ही विषय शिकवले जातात. घरातून एवढ्या लांब जायची परवानगी मिळत असेल तर तोही अर्ज भर, पण हे दोन विषय एका गटात घेता येतात का, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधी पाहा. तिथला प्रवेश सीयूईटी या केंद्रीय प्रवेश परीक्षेतून होतो. हे अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरून घेतात आणि आपल्याकडे पुष्कळ मुलं निकालाची वाट बघत ही तारीख हुकवतात. परीक्षा मराठी माध्यमातून देता येते.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतच राहायचं ठरलं, तर नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनरचा, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाच्या जोडीचा, नीट उपयोग कर. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. मेजर तत्त्वज्ञान मिळालं तर मायनर मराठी, इंग्रजी किंवा संस्कृत घे. कॉलेजात तत्त्वज्ञान मेजर नसेल तर उलट कर, म्हणजे मेजर मराठी किंवा इंग्रजी आणि मायनर तत्त्वज्ञान. भाषाविज्ञानाचे पेपर 'स्वयम' या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेता येतात, मात्र तुझ्या विद्यापीठाने तो विशिष्ट कोर्स मान्य केलेला असावा लागतो. ही मान्यता कोर्सला नाव नोंदवण्याच्या आधी कॉलेजकडून लेखी घे. परीक्षा झाल्यावर क्रेडिट जमा होत नाहीत असं कळलं, तर वर्षाची मेहनत गुणपत्रिकेवर दिसत नाही.

एम.ए.च्या वेळी आणखी एक वाट उघडते. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. एक वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणाने, असं चालतं. म्हणजे भाषाविज्ञानाची एम.ए. विभागात राहून आणि तत्त्वज्ञानाची इग्नू या मुक्त विद्यापीठातून. पण दोन्ही दोन वर्षांतच संपवायचा हट्ट धरू नकोस. भाषाविज्ञानाला दर आठवड्याला सोडवून द्यायचे सराव असतात, इग्नूला स्वाध्याय असतात, आणि दोन्हींच्या तारखा सत्राच्या अखेरीला एकमेकींवर येऊन आदळतात. इग्नू जास्तीची वर्षं देते, ती घे.

मुलं कुठे अडखळतात तेही सांगते. भाषाविज्ञानाला येणाऱ्या निम्म्या मुलांना वाटतं, इथे पुष्कळ भाषा बोलायला शिकवतील किंवा शुद्धलेखन शिकवतील. पहिल्याच महिन्यात समोर येतात तोंडाच्या आतल्या जागा, उच्चार लिहायची आयपीए चिन्हं आणि कधी न ऐकलेल्या भाषेतली पन्नास शब्दांची कोडी. तत्त्वज्ञानाला येणाऱ्यांना अध्यात्म आणि सुविचार यांची अपेक्षा असते. मग उत्तरपत्रिकेत थोरांची वचनं एकाखाली एक येतात आणि युक्तिवाद राहून जातो. तत्त्वज्ञानाच्या परीक्षकाला पाहिजे असतं एक विधान, त्याची कारणं, त्यावरचा सगळ्यात जड आक्षेप आणि तुझं उत्तर. तुझं तर्कशास्त्र पक्कं आहे, तिथे तू सुरुवातच पुढून करते आहेस.

पण सगळ्यात मोठी घसरण अर्थविचारात होते, जिथे हे दोन विषय प्रत्यक्ष भेटतात. एम.ए.चं सेमॅन्टिक्स गणितासारखं लिहितात. संच, फलन, सर्वव्यापी आणि अस्तित्ववाचक संख्यापक (म्हणजे 'प्रत्येक' आणि 'एक तरी' यांची चिन्हं), फलन लिहायचं लॅम्डा चिन्ह. कला शाखेच्या मुलांना याची धास्ती बसते आणि ती वळसा घालून साहित्याकडे निघून जातात. बारावीच्या सुट्टीत संच आणि फलन एवढे दोन धडे अकरावी विज्ञानाच्या गणिताच्या पुस्तकातून करून टाक. रोज एक तास दिलास तर तीन आठवडे पुरतात.

अर्थविचारात हे दोन विषय कसे भेटतात ते बघायला मराठीतला 'कोणीही' हा शब्द घे. 'कोणीही आलं नाही' हे वाक्य बरोबर. 'कोणीही येऊ दे' हेही बरोबर. पण 'काल कोणीही आलं' हे कानाला खटकतं. एकच शब्द, मग तिसऱ्या वाक्यात काय बिघडलं? नकार असेल, परवानगी असेल, शक्यता असेल तर चालतो आणि साध्या घडून गेलेल्या होकारात चालत नाही, अशा जागांची यादी करणं हे भाषाविज्ञानाचं काम. आता चिन्हांत लिहून बघ. पहिल्या वाक्यात 'आला असा एकही नाही' आणि 'प्रत्येकाबद्दल, तो आला नाही' ही दोन्ही सूत्रं समान निघतात. तेव्हा 'कोणीही'चा अर्थ 'एक तरी' आहे की 'प्रत्येक', हे या वाक्यावरून कळतच नाही. दुसऱ्या वाक्यात तो 'प्रत्येक'सारखा वागतो, तरी 'सगळ्यांना येऊ दे' असा त्याचा अर्थ होत नाही. याच्याच शेजारी ठेव 'चहा किंवा कॉफी घे'. तर्कशास्त्रात 'प'वरून 'प किंवा फ' निघतं, म्हणजे चहाची परवानगी असली की 'चहा किंवा कॉफी'ची झालीच. पण घरात असं म्हटल्यावर पाहुणा समजतो की दोन्हींतलं काहीही घ्यायला मोकळीक आहे. हा जास्तीचा अर्थ 'किंवा'त आहे, परवानगीत आहे, की बोलणाऱ्याच्या हेतूत? यावर भाषाविज्ञ आणि तत्त्वज्ञ पन्नास वर्षांहून अधिक काळ एकत्र बसून काम करत आहेत. अहिराणीत 'कोनी बी' या तिन्ही जागी कसं वागतं, ते आजीकडून तपासून बघ. आपल्या कानावर विसंबू नकोस, तुझा कान शाळेने बदललेला आहे.

त्यासाठी रेकॉर्डिंगची रीत शिकून घे, हे काम आत्ता सुट्टीतही होण्यासारखं आहे. रोजच्या वापरातल्या शंभर शब्दांची यादी कर, त्यात अवयव, नाती, पाणी, आग, झाडं, आकडे, येणं-जाणं, खाणं-पिणं असं घे. साठीपुढचं एक माणूस, चाळिशीतलं एक, विशीतलं एक असे तीन जण गाठ. आधी त्यांना काय करते आहेस ते सांगून होकार घे आणि तो होकारही रेकॉर्ड कर. पंखा बंद, दारं-खिडक्या लावलेल्या, शेतातल्या मोटरीपासून लांब. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर. व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटवर रेकॉर्ड करू नकोस, ती आवाज दाबून टाकते आणि 'स', 'श'सारख्या ध्वनींचा बारकावा जातो. आवाज न दाबता साठवणारी डब्ल्यूएव्ही फाइल देणारं साधं रेकॉर्डर अॅप घे. प्रत्येक शब्द तीनदा म्हणायला सांग आणि मधला वापर. पहिल्या वेळी माणूस जपून बोलतो आणि तिसऱ्या वेळी कंटाळून स्वर खाली सोडतो. नंतर 'प्राट' हे मोफत सॉफ्टवेअर कॉलेजच्या संगणकावर टाकून स्वरांची लांबी मोज.

या कामात हमखास बिघडणारी गोष्ट म्हणजे प्रश्न. "अहिराणीत 'मी बाजारात जातो आहे' कसं म्हणाल?" असं विचारलंस की समोरचा माणूस तुझ्या मराठी वाक्याचा साचा तसाच ठेवून शब्द तेवढे बदलतो. फोन समोर दिसला की प्रमाण मराठीकडेही झुकतो. त्यापेक्षा प्रसंग दे. "तुम्ही पिशवी घेऊन निघाला आहात, वाटेत शेजारीण भेटली, तिने विचारलं कुठे. काय सांगाल?" जे येईल ते लिही, सुधारू नकोस. मग 'ळ'चा 'य' सगळ्या शब्दांत होतो की शाळेतून आलेल्या शब्दांत 'ळ' टिकतो, तिन्ही वयांत सारखाच होतो का, हे पाहा. चार पानांची ही टिपणं एम.ए.च्या मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतील.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने तुला लाभलेली जागा तर गावातच आहे. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर, आजचं प्रताप तत्त्वज्ञान केंद्र, श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली उभं केलं. के. सी. भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ तिथे संचालक होता. साने गुरुजी तत्त्वज्ञानासाठीच अमळनेरला आले होते. बोरीकाठच्या या गावात देशभरातून माणसं वाद करायला येत, आणि तालुक्यातल्या मुलांना ते ठाऊक नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. कॉलेजच्या शिक्षकांची चिठ्ठी घेऊन तिथल्या ग्रंथालयात जा.

तिथे गेलीस की भारतीय शब्दविचारापासून सुरुवात कर. वाक्याचा अर्थ लागायला शब्दांना एकमेकांची अपेक्षा हवी, त्यांचा मेळ बसायला हवा आणि ते जवळजवळ उच्चारलेले हवेत, या आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशा तीन अटी आपल्या शास्त्रकारांनी घातल्या. 'विस्तवाने शिंपतो' या वाक्याचं व्याकरण निर्दोष आहे, बिघाड योग्यतेत आहे. वाक्यविचाराच्या वर्गात क्रियापद कोणत्या नामाला शेजारी घेतं हे शिकवतील तेव्हा हीच गोष्ट नव्या नावाने समोर येईल. शब्दांना आधी सुटे अर्थ असतात आणि मग ते जुळतात, हे मीमांसेतल्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातल्या, कुमारिल भट्टांच्या परंपरेचं म्हणणं. शब्द जुळलेल्या अवस्थेतच अर्थ देतो, हे प्रभाकरांच्या परंपरेचं. तुझ्या 'कोणीही'वर हे दोन्ही लावून बघ. मायनरच्या यादीत संस्कृतही ठेवलं ते याचसाठी. पाणिनीची जवळजवळ ४००० सूत्रं पाठ करायची गरज नाही, पण एका सूत्राचा अर्थ दुसऱ्यात कसा उतरत येतो हे एकदा समजून घे.

पुढचं पुष्कळ वाचन इंग्रजीत असतं. रोज दहा पानं, शब्दकोश बाजूला, आणि वाचून झाल्यावर मराठीत पाच ओळींचा सारांश. सारांश लिहिता आला नाही तर तेवढं पान परत वाच.

आता तुझे वडील. त्यांची काळजी रास्त आहे, तिला उडवून लावू नकोस. या दोन विषयांत प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत, हे त्यांना आधी तूच सांग. मग पुढचा हिशेब मांड. स्पर्धा परीक्षा हवी असेल तर यूपीएससीच्या ऐच्छिक विषयांत तत्त्वज्ञान आहे, भाषाविज्ञान नाही. शिक्षकी हवी असेल तर शाळेत तत्त्वज्ञान हा विषय नसल्यामुळे नुसत्या त्या पदवीवर बी.एड.ला अडचण येऊ शकते, म्हणून मायनर मराठी किंवा इंग्रजी ठेवायचं. कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलं जातं, त्यासाठी तत्त्वज्ञानाची एम.ए. उपयोगी पडते. प्राध्यापकीसाठी लागणारी नेट ही पात्रता परीक्षा दोन्ही विषयांत होते आणि एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. भाषाविज्ञानवाल्यांना संगणकाच्या भाषाकामात, भाषांतरात, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेसारख्या ठिकाणच्या प्रकल्पांत काम मिळतं. यांतली पुष्कळ कामं ठराविक मुदतीची असतात, हेही लपवू नकोस. पायथॉन ही संगणकाची भाषा थोडी आली तर या कामांत तुझी बाजू वर राहते. वाचा-उपचार हा मात्र वेगळा अभ्यासक्रम आहे आणि त्याला बारावी विज्ञान लागतं. भाषाविज्ञान करून तिकडे जाता येईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

शेवटी कागदपत्रं. ओबीसीतून अर्ज करणार असशील तर केंद्रीय विद्यापीठाला तो दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातला लागतो, राज्याचा नॉन-क्रीमीलेअर तिथे चालत नाही. राज्याच्या आणि केंद्राच्या याद्या सारख्या नाहीत, म्हणून आपली जात केंद्राच्या यादीत कोणत्या नावाने आहे ते आधी बघ. एप्रिल उजाडला की लगेच तहसीलला अर्ज टाक. मे-जूनमध्ये सगळा तालुका सेतू केंद्रावर रांगेत असतो आणि दाखला प्रवेशाच्या तारखेनंतर हातात पडतो.